रिकाम्या स्टेडियममध्ये घरचं मैदान कुठं जातं?

प्रश्न एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "प्रोजेक्टसाठी इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगचा २०१८-१९ चा हंगाम घेतला. ३८० सामने. यजमान १८१ जिंकले, पाहुणे १२८, बरोबरी ७१. बायनॉमियल टेस्ट लावली, फरक सिग्निफिकंट आला. गाइड म्हणतात, हे माझ्या आजीलाही ठाऊक आहे, पुढे काय? हा फायदा प्रेक्षकांमुळे मिळतो की पंचांमुळे, हे आकड्यांवरून सांगता येईल का?"

तुमच्या गाइडचं म्हणणं खरं आहे, पण केलेलं काम लगेच फेकून देऊ नका. ते आधी नीट हाताने करून बघू.

बरोबरीचे ७१ सामने बाजूला ठेवले की ३०९ निकाली सामने उरतात. मैदानाचा काहीच परिणाम नसता तर यजमानांच्या वाट्याला साधारण १५४ किंवा १५५ आले असते आणि या संख्येचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे नुसत्या नशिबाने होणारी नेहमीची चढउतार, ८.८ च्या आसपास असतं. प्रत्यक्षात आले १८१, म्हणजे तीन डेव्हिएशन वर. विषय संपला. इंग्लंडमधली फुटबॉल लीग १८८८ साली सुरू झाली, आणि घरच्या मैदानाचा फायदा तेव्हाच्या पहिल्या हंगामांतही दिसतो. रिचर्ड पोलार्ड यांनी १९८६ मध्ये जुने निकाल चाळून हे मांडलं होतं. त्यामुळे 'फायदा आहे का' या प्रश्नात आता राम नाही. 'किती' आणि 'कशातून' यांत आहे.

'किती'साठी बरोबरी टाकून देणं मला पटत नाही. पाहुण्याने एक गुण खिशात घालून घरी जाणं ही त्याची छोटी कमाईच असते. म्हणून यजमानांनी मिळवलेले गुण भागिले एकूण वाटले गेलेले गुण, ही साधी टक्केवारी काढा. तुमच्या हंगामात यजमानांचे ६१४ गुण, पाहुण्यांचे ४५५. यजमानांचा वाटा ५७.४ टक्के. इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत विजयाला आताच्या तीनऐवजी दोनच गुण होते. जुन्या हंगामांशी तुलना करायची असेल तर सगळीकडे एकच पद्धत लावा, नाहीतर नियमातला बदल मैदानाच्या नावावर जमा होईल.

गोल घेतले तर आणखी बारीक दिसतं. त्या हंगामात यजमानांचे ५९६ गोल, पाहुण्यांचे ४७६. गुणोत्तर १.२५. इथे विद्यार्थी हमखास विचारतात, "पण सर, संघांची ताकद वेगवेगळी असते, ती धरायला नको का?" म्हणून मग पॉयसाँ रिग्रेशन, म्हणजे गोलांसारख्या मोजणीच्या आकड्यांसाठीचं मॉडेल: प्रत्येक संघाचा हल्ला, प्रत्येक संघाचा बचाव आणि सगळ्यांना मिळून घराचा एक गुणक. मॉडेल उत्तम आहे, जरूर लावा. पण पूर्ण हंगामावर लावलंत तर घराचा गुणक येईल बरोब्बर ५९६ भागिले ४७६. दशांशापर्यंत तोच. प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळतो, त्यामुळे ताकद दोन्ही बाजूंनी सारखी मोजली जाते आणि भागाकारात निघून जाते. लीगचं वेळापत्रक हाच इथे नीट आखलेला प्रयोग आहे. कागदावर हे एकदा सिद्ध करून बघा, पाच ओळींचं काम आहे, आणि तोंडी परीक्षेत सांगितलंत तर गाइड खूश होतील. मॉडेलची खरी गरज पडते ती अर्धवट हंगामात, जिथे कोण कोणाच्या घरी जाऊन आलंय याचा समतोल बिघडलेला असतो.

गुणोत्तराभोवतीची अनिश्चितताही लिहा. लॉगमध्ये स्टँडर्ड एरर (आपला अंदाज नशिबाने किती हलू शकतो याचं माप) म्हणजे एक भागिले ५९६ अधिक एक भागिले ४७६ याचं वर्गमूळ, सुमारे ०.०६. म्हणजे १.२५ च्या मागेपुढे १.११ ते १.४१ एवढी ९५ टक्क्यांची पट्टी. एका हंगामावरून घराचा फायदा 'अकरा टक्के' असेल की 'एकेचाळीस', इतपतच सांगता येतं. ही रुंदी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा आडवी येणार आहे.

आता 'कशातून'. घरचं मैदान हे गाठोडं आहे. त्यात प्रेक्षकांचा आवाज आहे, त्या आवाजाचा पंचावर पडणारा दाब आहे, पाहुण्यांचा प्रवास आहे, ओळखीचं गवत आणि मैदानाची मापं आहेत, हवामान आहे, उंची आहे, आणि 'इथं हरायचं नाही' ही खुन्नसही आहे. नेहमीच्या सामन्यांत हे सगळं एकत्रच येतं आणि एकत्रच जातं. तुमच्या डेटात 'घर' हा एकच रकाना आहे, त्यावर कितीही भारी मॉडेल चढवलं तरी गाठोडं सुटणार नाही. ज्या सामन्यांत गाठोड्यातली एखादी वस्तू कुणीतरी बाहेर काढून ठेवली होती, असे सामने शोधायला लागतात. टेस्ट कोणती लावायची हा प्रश्न त्यानंतरचा.

सगळ्यात मोठी वस्तू काढली ती कोविडने. २०२०-२१ चा प्रीमियर लीगचा हंगाम बहुतांश रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. निकाल: यजमान १४४, पाहुणे १५३, बरोबरी ८३. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा जास्त होण्याची ही पहिलीच वेळ. गोल ५१४ विरुद्ध ५१०. गुणोत्तर १.०१, जवळजवळ शून्य फायदा. मँचेस्टर युनायटेड त्या अख्ख्या हंगामात घराबाहेर एकही लीग सामना हरलं नाही.

हे बघून सुतावरून स्वर्ग गाठायचा मोह होतो: प्रेक्षक गेले, फायदा गेला, म्हणजे सगळा फायदा प्रेक्षकांचाच. थांबा. आधी फरकाचा आकार बघा. निकाली सामन्यांत यजमानांचा वाटा ५८.६ टक्क्यांवरून ४८.५ वर आला. घसरण दहा टक्के बिंदूंची, पण तिचा स्टँडर्ड एरर चार बिंदूंचा. म्हणजे खरी घसरण दोन बिंदूंची असू शकते किंवा अठराची. काहीतरी घडलं हे नक्की. 'सगळा फायदा गेला' असं म्हणायला हा पुरावा अपुरा आहे. अर्धा गेला असला तरी असे आकडे सहज येऊ शकतात.

दुसरं, त्या काळात बदललेली गोष्ट फक्त प्रेक्षक नव्हती. हंगाम उशिरा, सप्टेंबरात सुरू झाला आणि सामने दाटीवाटीने खेळवले गेले. २०१९-२० पासून प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचांचे निर्णय तपासण्याची पद्धत) आलं होतं, म्हणजे तुमचा २०१८-१९ चा हंगाम आणि हा हंगाम यांच्यामध्ये पंचगिरीच बदललेली आहे. आणि स्टेडियमही पूर्ण रिकामी नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये काही ठिकाणी दोन हजारांपर्यंत लोक होते, शेवटच्या दोन फेऱ्यांत दहा हजारांपर्यंत. त्यामुळे तुलनेला २०१८-१९ घेण्यापेक्षा २०१९-२० चे मार्च २०२० पर्यंतचे २८८ सामने घ्या: व्हीएआर आहे, प्रेक्षकही आहेत. हंगाम जूनमध्ये पुन्हा सुरू झाल्यावरचे ९२ सामने दुसऱ्या बाजूला. ही दोन्ही टोकं अर्धवट आहेत, त्यामुळे मघाशी म्हटलं ते पॉयसाँ मॉडेल इथे लावावंच लागेल. नुसत्या भागाकारावर इथे विसंबलात तर फसाल.

तिसरी अडचण लोकांच्या लक्षात येत नाही: घरचा फायदा तसाही हळूहळू ओसरतोय. यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, जून २०२१ मध्ये 'अवे गोल'चा (बरोबरी झाल्यास बाहेरच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाण्याचा) नियम काढला तेव्हा स्वतःच्या स्पर्धांचे आकडे दिले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात यजमान ६१ टक्के आणि पाहुणे १९ टक्के सामने जिंकत. ते आता ४७ आणि ३० वर आलं होतं. गोलही २.०२ विरुद्ध ०.९५ वरून १.५८ विरुद्ध १.१५. उताराला लागलेल्या गोष्टीचे 'आधी' आणि 'नंतर' मोजले तर नंतरचं कमीच भरणार. यावर उपाय एकच, प्रेक्षक परतल्यावर काय झालं ते बघायचं. २०२१-२२ मध्ये स्टेडियम भरली आणि यजमानांचे विजय पुन्हा ४३ टक्क्यांच्या आसपास गेले, पाहुण्यांचे ३४ टक्क्यांच्या. दिवा लावला, विझवला, परत लावला, आणि खोलीतला उजेड त्याच क्रमाने बदलला. मला या शेवटच्या पायरीने जास्त पटवलं, आधीच्या 'सिग्निफिकंट' फरकाने नाही.

इथे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानाची, ॲनफिल्डची गोष्ट सांगायलाच हवी, कारण कोविडच्या प्रत्येक चर्चेत ती पुराव्यासारखी फेकली जाते. लिव्हरपूल एप्रिल २०१७ पासून घरी ६८ लीग सामने अपराजित होतं. २१ जानेवारी २०२१ ला बर्नलीने पेनल्टीवर १-० ने हरवलं, आणि तिथून ओळीने सहा घरचे पराभव: बर्नली, ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलहॅम. एव्हर्टन तर ॲनफिल्डवर १९९९ नंतर पहिल्यांदा जिंकलं. 'बघा, प्रेक्षक नव्हते म्हणून!' पण ॲनफिल्ड जून २०२० पासूनच जवळजवळ रिकामं होतं, आणि त्या मैदानावर हेच लिव्हरपूल जानेवारीपर्यंत एकही लीग सामना हरलं नव्हतं. मधल्या काळात व्हॅन डायक, गोमेझ, माटिप असे तिन्ही मुख्य सेंटर-बॅक (मधले बचावपटू) जायबंदी झाले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. या सहा सामन्यांवर रिपोर्टमध्ये एक ओळसुद्धा खर्च करू नका.

याचाच भाऊबंद म्हणजे 'कोणत्या संघाला घराचा फायदा सर्वांत जास्त' हा तक्ता. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतो, आणि तो बहुतेक वेळा कचरा असतो. हिशेब करा. एका संघाचे १९ सामने घरी, १९ बाहेर. एका सामन्यातल्या गोलफरकाची चढउतार सुमारे १.७ गोलांची धरा. घरच्या आणि बाहेरच्या सरासरी गोलफरकातलं अंतर काढून त्याचं अर्धं केलं की त्या संघाचा घरचा फायदा येतो, आणि त्याचा स्टँडर्ड एरर सुमारे ०.२८ गोल भरतो. लीगचा सरासरी फायदाच आहे ०.३२ गोलांचा! म्हणजे एका हंगामाच्या तक्त्यात वर कोण आणि खाली कोण हे मुख्यतः नशीब ठरवतं. पुढच्या हंगामाचा तक्ता शेजारी ठेवा, क्रम विस्कटलेला दिसेल. तक्ता करायचाच असेल तर दहा हंगाम घ्या आणि संघांचे अंदाज सरासरीकडे आखडून घेणारं मिश्र मॉडेल लावा. क्लार्क आणि नॉर्मन यांनी १९९५ मध्ये इंग्लिश क्लबांवर दहा हंगामांचं काम केलं. त्या काळात लूटन, क्वीन्स पार्क रेंजर्स, ओल्डहॅम आणि प्रेस्टन यांनी कृत्रिम गवत घातलं होतं, आणि त्या मैदानांवर यजमानांचा फायदा वाढलेला दिसतो. चेंडू उसळतो कसा हे फक्त त्यांनाच ठाऊक. पुढे ती मैदानं बंदच झाली.

आता पंच. कार्डांचे आकडे घेऊन 'पाहुण्यांना पिवळी कार्डं जास्त, म्हणजे पंच पक्षपाती' असं लिहाल तर मी तुमचा रिपोर्ट परत करेन. पाहुणा संघ जास्त वेळ बचावात असतो, बचाव करणारा जास्त पाय घालतो, कार्डं जास्त मिळतात. पंच निष्पाप असला तरी हेच आकडे येतील. इथे खेळ तोच ठेवून फक्त गोंगाट काढता आला पाहिजे. नेव्हिल, बामर आणि विल्यम्स यांनी २००२ मध्ये तेच केलं. लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सामन्यातल्या ४७ झटापटींचं चित्रण ४० प्रशिक्षित पंचांना दाखवलं: काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्धचे फाउल १५.५ टक्क्यांनी कमी दिले. झटापट तीच, पडद्यावरचा पाय तोच. मला या प्रयोगातली एक गंमत फार आवडते: पाहुण्यांना जास्त शिक्षा झाली नाही, यजमानांना सूट मिळाली. पंच कुणावर डूख धरत नाही, तो फक्त हजारो लोकांच्या आरडाओरड्याला निमंत्रण देणारी शिट्टी टाळतो. माणूसच आहे.

मैदानावरचा पुरावा हवा असेल तर इंज्युरी टाइम (सामन्याच्या शेवटी दिला जाणारा वाढीव वेळ) बघा, कारण ती पंचाची एकट्याची मर्जी असते. गारिकानो, पालासिओस-हुएर्ता आणि प्रेंडरगास्ट यांनी स्पेनच्या लीगमध्ये पाहिलं की यजमान एका गोलने मागे असताना वाढीव वेळ सरासरीपेक्षा ३५ टक्के जास्त मिळतो, आणि एका गोलने पुढे असताना २९ टक्के कमी. हे का पटतं? कारण सामना चुरशीचा नसेल, दोन-तीन गोलांचा फरक असेल, तर हा कल दिसत नाही. नुसता सरासरीतला फरक नव्हे, फायदा असेल तिथेच दिसणारा फरक. तुमच्या प्रोजेक्टला असला 'असेल तर इथे दिसेल, तिथे दिसणार नाही' असा अंदाज आधी लिहून ठेवायची सवय लावा. जर्मनीच्या बुंडेसलिगात डोमेन यांनाही असंच आढळलं: मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी असेल तर पंचांचा कल कमी होतो. एफसी पुणे सिटीचे बालेवाडीतले सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. धावपट्टीपलीकडून दिलेली शिवीसुद्धा पंचापर्यंत पोचेतो थंड होते.

प्रवास आणि मैदान काढून फक्त प्रेक्षक ठेवायचे असतील तर एकाच स्टेडियमवर खेळणारे दोन संघ घ्या, उदाहरणार्थ सान सिरोवरचे मिलान आणि इंटर. कल्पना सुंदर, डेटा तोकडा. वर्षाला लीगचे दोन सामने. वीस वर्षांत चाळीस, त्यांतले निकाली समजा तीस. घराचा पूर्ण फायदा असला तरी १५ च्या जागी साडेसतरा विजय अपेक्षित, आणि नशिबाची चढउतारच पावणेतीनची. काहीच सिद्ध होणार नाही, आणि 'फरक आढळला नाही' असं लिहून 'फरक नाही' असं सुचवलंत तर ते चूक.

मैदानाच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचं मात्र स्वच्छ आहे. मॅकशॅरी यांनी २००७ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या दहा देशांचे १४६० आंतरराष्ट्रीय सामने तपासले. दोन्ही संघ सारख्याच उंचीवरच्या ठिकाणचे असतील तर यजमान जिंकण्याची शक्यता ०.५४, बोलिव्हिया घरी ब्राझीलशी खेळतं तेव्हा ०.८३. फिफाने त्याच वर्षी २५०० मीटरवरच्या सामन्यांवर बंदी आणली होती, ती नंतर मागे घेतली. बंदीच्या विरोधात मॅराडोना बोलिव्हियातल्या उंचावरच्या ला पासला जाऊन खेळून आला आणि १ एप्रिल २००९ ला अर्जेंटिनाचा प्रशिक्षक म्हणून तिथेच ६-१ ने हरला. बोलिव्हियाची दुसरी बाजूही बघा: विश्वचषक पात्रता फेरीत घराबाहेर त्यांचा १९९३ नंतरचा पहिला विजय आला थेट सप्टेंबर २०२४ मध्ये, चिलीत.

शेवटी तुमच्यासाठी हातातला डेटा सुचवतो, त्यात माझी फजितीही आहे. काही वर्षांपूर्वी इंडियन सुपर लीगचे सगळे हंगाम एकत्र करून मी घरचा गुणक काढला आणि तो अपेक्षेपेक्षा फारच बारीक आला. दोन दिवस मॉडेलमध्ये डोकं घातलं. मग मडगावच्या एका मित्राला फाइल दाखवली. तो हसायलाच लागला. "अरे, ह्या ओळीत केरळ ब्लास्टर्स 'होम' लिहिलंय आणि मैदान बघ, बांबोळी!" २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम अख्खे गोव्यात झाले होते: फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी आणि वास्कोचं टिळक मैदान. प्रेक्षक नाहीत, प्रवास नाही, सगळे संघ हॉटेलांत बंद. 'होम' हे फक्त कागदावरचं लेबल, आणि मी ते खरं धरून बसलो होतो.

पण तेच लेबल आता सोनं आहे. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात तशी ही फुटबॉलची साखरेची गोळी: घर म्हटलंय, घर नाहीये. दर हंगामात अकरा संघ, ११० लीग सामने. त्यांवर तुमचं तेच मॉडेल जसंच्या तसं चालवा. यातले समजा ७५ निकाली निघाले तर कागदी यजमानांचे विजय २९ ते ४६ च्या मध्ये कुठेही पडले तरी आश्चर्य नाही. त्याबाहेर गेले तर गोव्याच्या हवेत काही शोधू नका, आपल्या कोडमधली चूक शोधा. एफसी गोवाच्या ओळी वेगळ्या काढून बघा, गाव त्यांचं होतं, गॅलरी रिकामी होती. आणि गुणोत्तर एकच्या आसपास आलं तर प्रीमियर लीगच्या रिकाम्या हंगामाशेजारी ठेवा. तिथे प्रवास होता, ड्रेसिंग रूम आपली होती, गवत आपलं होतं. या दोन गुणोत्तरांमध्ये जे अंतर उरेल ते प्रेक्षक सोडून गाठोड्यातल्या बाकीच्या गोष्टींचं. लीग वेगळी, दर्जा वेगळा, पट्टी रुंद असणार, ते सगळं लिहा.

कोल्हापूरचा डेटा मिळेल का असंही तुम्ही विचारलं आहे. मिळेल, पण घरच्या मैदानासाठी तो चालणार नाही. तिथे पाटाकडील असो, दिलबहार असो की खंडोबा, सगळ्या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवरच खेळतात. घर सगळ्यांचंच. त्या दिवशी गॅलरीत कोणत्या पेठेची गर्दी जास्त होती, एवढं कुणी मोजून ठेवलं असेल तर मात्र मला फाइल पाठवा.